गोव्याच्या उन्हाळ्यात छायाचित्रे घेताना

एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात सकाळी नऊनंतरचे ऊन छायाचित्राला फारसे मानवत नाही, म्हणून तांबडी सुर्ल्याच्या कदंबकालीन महादेव मंदिरापाशी शक्यतो सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे. मंदिर पूर्वाभिमुख असल्याने कोवळे ऊन समोरून येते आणि बेसॉल्टवरचे कोरीवकाम उठून दिसते. मात्र काळा दगड चौकटभर असला की कॅमेरा त्याला करडा करू पाहतो, तेव्हा एक्स्पोजर (म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) अर्ध्या ते एका स्टॉपने कमी करावे; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या पांढऱ्या भिंतींसाठी नेमके उलट, म्हणजे एक्स्पोजर थोडे वाढवावे लागते.

दुपार कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, घालवावी. माडा-पोफळींच्या सावलीत मिरवेलीची पाने आणि जायफळे जवळून टिपावीत. उन्हाचे कवडसे चौकटीत आले, तर ते पांढरेफटक होणार नाहीत याकडे लक्ष द्यावे.

चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात ओहोटीची वेळ पाहून जावे, कारण पाणी उतरल्यावर खारफुटीतला चिखल उघडा पडतो आणि बगळे तिथे खाद्य शोधायला उतरतात. उडत्या खंड्यासाठी शटरचा वेग किमान १/२००० सेकंद ठेवावा. घरट्याजवळ मात्र मुळीच जाऊ नये. चित्र हुकले तरी चालेल, पिल्ले उघड्यावर पडता कामा नयेत.

वातानुकूलित गाडीतून उतरताच दमट हवेने लेन्सवर बाष्प धरते, त्यामुळे कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे बंद पिशवीतच राहू द्यावा.