मध्यम गुण असताना महाविद्यालय कसे पारखावे

महाविद्यालयाची भेट सत्र सुरू असताना, कामाच्या दिवशी ठरवावी. सुटीत इमारत दिसते, शिकवणे दिसत नाही. प्रवेश मिळेल का, हे सगळेच विचारतात, पण पहिल्या वर्षातल्या किती जणांना दुसऱ्या वर्षात जाता येते आणि किती जण ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण करतात, हे फार थोडे पालक विचारतात. वास्तविक साधारण गुणांच्या विद्यार्थ्याला संस्था कितपत सांभाळून घेते, याचा अंदाज त्यावरूनच येतो. हे आकडे विषयवार मागावेत, कारण संपूर्ण संस्थेच्या सरासरीत एखादा कमकुवत विभाग सहज लपतो. परवानगी घेऊन पहिल्या वर्षाच्या एखाद्या तासाला बसावे आणि शंका विचारल्यावर शिक्षक थांबतात का, ते पाहावे. माहिती देण्यासाठी नेमलेला विद्यार्थी बहुधा कौतुकच करतो, म्हणून ग्रंथालयात किंवा उपाहारगृहात भेटलेल्या विद्यार्थ्यांना, विषय राहिल्यास जादा तास मिळतात का, हे विचारावे. वसतिगृह आणि मैदान शेवटी पाहिले तरी चालते. अर्ज करताना मात्र यादीत प्रवेशाची बऱ्यापैकी खात्री असलेले एक तरी महाविद्यालय असे ठेवावे, जिथे तीन-चार वर्षे शिकायला विद्यार्थी मनापासून तयार आहे.