ब्रिब्री शिकताना या चुका टाळा

ब्रिब्री ही कोस्टा रिकाच्या तालामांका भागात बोलली जाणारी, चिबचा कुळातली भाषा. ती रोमन लिपीत लिहितात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात जास्त फसवतात त्या स्वरांवरच्या तिरक्या रेघा. स्पॅनिश येणारे त्यांना आघात समजतात. चिनी पिनयिन (चिनी भाषेचं रोमन लिपीतलं लेखन) शिकलेल्यांना डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ दिसली की ते आवाज खाली आणतात. ब्रिब्रीच्या रूढ लेखनात नेमकं उलट आहे: उतरती रेघ म्हणजे उंच सूर, चढती रेघ म्हणजे घसरणारा सूर. 'अला' हाच शब्द घ्या. शेवटच्या स्वरावर उतरती रेघ असेल तर मूल, चढती असेल तर ढगांचा गडगडाट! म्हणून शब्द पाठ करायचा तो सुरासकट, ऐकूनच.

जर्मन शिकलेल्यांनी दोन टिंबं पाहून ओठांचा चंबू करू नये. इथे 'ए'वर टिंबं असली की स्वर 'इ' आणि 'ए'च्या मधला, सैल. 'ओ'वर असली की 'उ' आणि 'ओ'च्या मधला. 'म', 'न' नंतरचा स्वर बहुधा नाकातूनच काढायचा. शब्दाच्या शेवटी लिहिलेला अपॉस्ट्रॉफी ही शोभा नाही. तिथे घसा क्षणभर बंद होतो.

व्याकरणात आपल्याला 'ने' माहीत असल्यामुळे कर्त्याला लागणारा 'तो' (हा 'ओ' टिंबांचा) चटकन कळतो आणि तिथेच गाफील राहायला होतं. मराठीत 'त्याने पाहिलं', पण 'मी पाहिलं'. शिवाय कर्त्याचा 'ने' मुख्यतः अशा भूतकाळी वाक्यांत येतो. ब्रिब्रीत 'ये'', म्हणजे 'मी', यालाही 'तो' लागतो आणि चालू क्रियेतही लागतो. 'मी आलो' सारख्या अकर्मक वाक्यात मात्र तो घालू नका.

स्पॅनिशमधून शिकणाऱ्यांना 'से'' आणि 'सा'' दोन्हींचा अर्थ एकच सांगितला जातो. तो अर्थ सोडा. 'से'' म्हणजे आपण, 'सा'' म्हणजे आम्ही. हा भेद आपल्या कानात आधीपासून आहे.

आकडे एका दमात पाठ करणं ही शेवटची चूक. 'दोघं' आणि 'दोन' हा फरक आपण रोज करतो. ब्रिब्री तो पुढे नेते. माणसं, गोल वस्तू, चपट्या वस्तू, लांब वस्तू, प्रत्येकासाठी संख्येचं रूप वेगळं. समोर दोन फळं, दोन पानं, दोन काठ्या मांडून मोजा.