धारावीच्या काळ्या किल्ल्यावरचा दगड कसा वाचायचा

सायन-बांद्रा लिंक रोडवर काळा किल्ला नावाचा बेस्टचा डेपो आहे, रोज हजारो लोक तिथे चढतात उतरतात, पण ज्याच्यावरून हे नाव पडलं तो किल्ला तिथेच वस्तीच्या मागे मिठी नदीच्या काठी उभा आहे हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. जुन्या नोंदींत त्याचं नाव रिवा किल्ला. किल्ला म्हणजे मोठ्या बुरुजाएवढाच, पण त्याच्या भिंतीत इंग्रजीत कोरलेला एक दगड आहे आणि माझ्या मते मुंबईत बघायलाच हव्या अशा गोष्टींपैकी तो एक आहे.

सायन स्टेशनला उतरून धारावीच्या बाजूला या आणि डेपो विचारा. तिथून पुढे मोबाईल खिशात ठेवा आणि माणसांना विचारा, कारण भिंतीला लागूनच घरं आहेत आणि तुम्ही लोकांच्या दारावरून जाणार आहात. आधी "काकू, दगडाचा फोटो काढू का?" एवढं विचारायचं. धो धो पावसात जाऊ नका, मिठी भरते तेव्हा ह्या भागात पाणी चढतं. भिंतीवर चढायचंच नाही, फटींत झाडांची मुळं शिरली की दगड कधी निसटेल सांगता येत नाही.

आता वाचायचं कसं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समोरून फ्लॅश मारला आणि घरी येऊन बघतो तर सगळं सपाट पांढरं, एक अक्षर धड लागेना. समोरचा उजेड खोदलेली अक्षरं पुसून टाकतो. फ्लॅश बंद करा, सोबतच्याला टॉर्च दगडाच्या कडेला अगदी भिंतीला टेकवून आडवा धरायला सांगा, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. मग टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून असा फिरवत तीन-चार फोटो घ्या, एकात जे अक्षर हरवतं ते दुसऱ्यात सापडतं. वहीत ओळ न ओळ दिसते तशी उतरवा, स्पेलिंग सुधारू नका. आणि कृपा करून खडू, चुना, तेल, ब्रश काहीही लावू नका, कागद ठेवून पेन्सिलही घासू नका. जवळपास तीनशे वर्षं टिकलेली कड एका घासण्यात जाऊ शकते, हे मी कळकळीने सांगतोय.

दगडावर मुंबईचा गव्हर्नर हॉर्न याच्या हुकमावरून बांधल्याचं आणि १७३७ हे साल आहे. हा जॉन हॉर्न, १७३४ ते १७३९ गव्हर्नर होता. का बांधलं ते दगड सांगत नाही, ते सालावरून ओळखायचं. त्याच १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं, साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं बेट, हातात आली, म्हणजे खाडीपलीकडे आता पोर्तुगीज नाही तर चिमाजी अप्पांचं सैन्य होतं, आणि दोन वर्षांत, मे १७३९ मध्ये, वसईही पडली. आपल्या लोकांची धास्ती इंग्रजांनी दगडात बांधून ठेवली, असं मी तरी ते वाचतो. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा, इंग्रजांचं सरकारी वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, १७५२ पर्यंत, त्यामुळे त्यांच्या हिशोबातलं १७३७ आपल्या मार्च १७३८ पर्यंत लांबतं.

वेळ असेल तर त्याच दिवशी सायनचा किल्लाही चढा, तो ह्याच्याहून जुना, १६६९ ते १६७७ मधला, आधीचा गव्हर्नर ऑन्जियर याच्या काळातला. पायथ्याशी नेहरू उद्यान आहे, चढ फार नाही. वर गेलात की काळा किल्ला कुठल्या बाजूला राहिला ते शोधा, आणि मिठीची रेषा मनातल्या मनात माहीमपर्यंत ओढा. त्या रेषेच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे मराठे.