दाबोळीच्या खाऱ्या हवेत विमानाचा पत्रा

टीयू-९५ बॉम्बरवरून घडवलेली टीयू-१४२ ही नौदलाची टेहळणी विमानं १९८८ साली गोव्यात दाबोळीला, आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर आली. तिथला समुद्र कुठल्याच विमानाला सोडत नाही. पोलादी स्क्रूभोवती रंग फुगतो, टोकरला की आत पांढरी भुकटी. पोलादी स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियमच.

असा गंज काढायचा तर आधी गोड्या पाण्याने धुवा, रंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. तारेचा ब्रश अजिबात नको! पोलादाचे कण पत्र्यात रुततात आणि गंज नव्याने धरतो. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पेपर वापरा, दहापट भिंगातून काळा ठिपका दिसेनासा होईतो घासा. मग खड्ड्याची खोली मोजणारा डेप्थ गेज लावा. खड्डा मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा खोल असेल तर वर रंग फासणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे रीतसर दुरुस्तीच हवी.

पाणी ओतून बघा: थेंब जमले तर तेलकटपणा उरलाय. नंतर क्रोमेट या गंजरोधक रसायनाचा लेप, हातमोजे घालूनच, कारण तो विषारी. सोनेरी छटा येईपर्यंत ओला ठेवा; वाळला तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, सुटतो. इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी. स्क्रू ओल्या सीलंटमध्येच, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लुकणात, बसवा.

विमानाच्या पोटाखालची पाण्याच्या निचऱ्याची भोकं मात्र तारेने मोकळी करा. ती बुजलेली राहिली तर गंज आतून परत येतो.