आधी सुरीला धार लावा, गॅजेट्स नंतर बघू

किचनसाठी काय घेऊ असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, आहे त्या सुरीला आधी धार लावा. चॉपर, स्लायसर, लसूण सोलायचं यंत्र सगळं घेऊन झालंय माझं आणि त्यातलं निम्मं वरच्या कप्प्यात धूळ खात पडलंय, कारण दोन कांदे चिरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ ते धुवायला लागतो.

बोथट सुरी सेफ असते हा गैरसमज आहे बरं का. तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती टोमॅटोच्या सालावरून सटकते ती थेट बोटावर, माझ्या डाव्या हाताच्या बोटावर खूण आहे अजून. कांद्याने डोळ्यात जास्त पाणी येतं तेही यामुळेच, बोथट पातं कांदा कापत नाही, चेचतं, आणि तो झोंबणारा गॅस जास्त सुटतो.

तर धार लावायचा दगड. १००० ग्रिटचा एकच पुरे (ग्रिट म्हणजे दगड किती बारीक ते, आकडा मोठा तितका दगड बारीक), सुरीला खाचे पडले असतील तरच ४०० वगैरे लागतो. काही दगड १०-१५ मिनिटं पाण्यात बुडवून ठेवावे लागतात, काहींवर नुसतं पाणी शिंपडलं की झालं, पाकिटावर लिहिलेलं असतं. खाली ओलं फडकं घाला नाहीतर दगड पळतो.

कोन १५ ते २० डिग्री लागतो. आता तो मोजायचा कसा, तर सुरी दगडावर उभी धरा म्हणजे ९०, निम्मी आडवी केली की ४५, परत निम्मी केली की २२ च्या आसपास, त्याहून किंचित खाली आणा, बस. तोच कोन धरून एक बाजू घासत राहायची, किती वेळा ते मोजू नका, दुसऱ्या बाजूला बारीक खरखर लागेपर्यंत. ती बघताना बोट पात्याकडून धारेबाहेर न्यायचं, धारेवरून लांबीला फिरवायचं नाही! टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे खरखर लागली की मगच बाजू बदला, बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मग म्हणतात दगड बेकार आहे. शेवटी हलक्या हाताने दोन्ही बाजू आलटून पालटून चार-पाच वेळा. मधे दगडावर जो करडा चिखल होतो तो धुवून टाकू नका, घासायला तोच मदत करतो. झालं की कागद कापून बघा, अडकत असेल तिथे धार कमी आहे.

स्टीलचा तो लांब रॉड असतो ना, त्याने नवीन धार येत नाही, वाकलेली धार सरळ होते फक्त. तेही उपयोगाचं आहेच, चिरायला बसण्याआधी दोन-चार हात मारायचे.

बोर्ड लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा, काचेचा दिसायला छान पण धारेची वाट लावतो. डिशवॉशरमध्ये सुरी टाकू नका.

आणि हो, धार लावली की घरात सगळ्यांना सांगून ठेवा, जुन्या सुरीच्या सवयीने जोर लावतात. मी सांगायला विसरले होते, पहिलंच बटाटं आणि पहिलीच बँडेज.