वावरात सापडलेला गंजका चाकू किती जुना?

पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून वखरणी झाली की नागपूरकडच्या वावरात मेटल डिटेक्टरचं मशीन फिरवायला जागा मोकळी होते. मे महिन्यात काळी माती दगडासारखी होते आणि पावसाळ्यात चिखल बूट सोडत नाही, म्हणून मी फेब्रुवारी-मार्चमध्येच निघतो. मालकाला आधी विचारायचं. चाकू शोधतो म्हटलं तर कोणाचा विश्वास बसत नाही, सगळ्यांना गुप्तधनच दिसतं आणि धुऱ्यावर गर्दी जमते. जुनापाणीच्या शिळावर्तुळांसारख्या संरक्षित जागी किंवा कामठीच्या लष्करी हद्दीत मशीन पिशवीतून काढायचंसुद्धा नाही.

आपला खडक बेसाल्टचा, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला मातीची सवय करून देणारं सेटिंग, नीट केला नाही तर मशीन उगाच किंचाळतं. मशीनवर लोखंडाचा आवाज पूर्ण गाळून टाकू नका. घडीच्या चाकूत पोलादी पात्याच्या दोन्ही बाजूंना बहुधा पितळी पट्ट्या असतात, म्हणून एकाच जागी लोखंडाची घरघर आणि मधेच पितळेचा खणखणीत सूर असे दोन्ही आवाज येतात. तिथे खणा. माणसं जेवायला बसायची ती झाडं आणि विहिरीचा काठ आधी बघा.

मी टूलरूममधला फिटर. जाम सांधे सोडवण्यातच नोकरी गेली, तरी पातं जोर लावून उघडत नाही. पाण्यात ब्रशने माती काढायची, नीट वाळवायचं, मग पातळ तेलात बुडवून ठेवून द्यायचं. मूठ शिंगाची किंवा सेल्युलॉइडची (जुन्या प्लॅस्टिकची) वाटली तर तेल फक्त सांध्यावर. वायर ब्रश, अ‍ॅसिड, ग्राइंडर यांनी चाकू चकाकतो, पण कारखान्याचा छाप गंजाबरोबर निघून जातो. छाप असतो पात्याच्या बुडाशी, धार सुरू होण्याआधीच्या सपाट भागावर. खोली अंधारी करून टॉर्च आडवा धरा आणि चाकू हळूहळू फिरवा. अक्षरांची सावली पडते.

वय ठरवताना चाकूवरची सगळ्यात नवी खूण शोधा. नावाला भुलू नका. शेफिल्ड हे चाकूंसाठी प्रसिद्ध इंग्रजी शहर; तिथल्या वॉस्टनहोम कंपनीचा आय-एक्सएल छाप १७८७ चा, म्हणून चाकू १७८७ चा होत नाही. तिथल्याच जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण चांदणी आणि माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रूस). या नावाच्या नकला भरपूर झाल्या; मूळ इंग्रजी स्पेलिंगमध्ये डी आहे, तो नसेल तर थांबून विचार करा. मुकुटासोबत व्ही आर असेल तर चाकू १८३७ च्या आधीचा नाही, कारण व्हिक्टोरिया राणी तेव्हा गादीवर आली.

देशाचं नाव जास्त उपयोगी. मालावरच्या छापांचे कायदे ब्रिटनमध्ये १८८७ ला आणि हिंदुस्थानात १८८९ ला झाले, अमेरिकेने १८९० मध्ये आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे इंग्लंड किंवा जर्मनी असं कोरलेलं असेल तर बहुधा त्यानंतरचा. वेस्ट जर्मनी असेल तर १९४९ ते १९९० मधला. स्टेनलेस लिहिलेलं असेल तर १९१३ च्या आधीचा नाहीच. हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने शेफिल्डला ते पोलाद तेव्हा काढलं. बाणाचा ठसा म्हणजे सरकारी माल, आणि बाणाखाली आय असेल तर हिंदुस्थान सरकारचा. फौजी चाकवावर कडी, जाडजूड टोच्या आणि डबा उघडायचं पातं असतं. कधी कधी सालही कोरलेलं असतं, मग डोकं खाजवायची गरजच नाही.

मुठीकडे भिंगातून बघा. हाडाला बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात. सेल्युलॉइड अंगठ्याने चोळलं की कापराचा वास येतो (तापवून बघू नका, भडकतं). बेकेलाइट या जुन्या कडक प्लॅस्टिकला कार्बोलिकचा वास येतो, आणि ते आलं १९०७ नंतर. सांबरशिंग इथूनच शेफिल्डला जायचं. मूठ सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची असेल तर विकायच्या भानगडीत पडू नका, वन्यजीव कायदा आडवा येतो.

कळमेश्वरकडे एका संत्र्याच्या बागेत मला एक चाकू मिळाला. पातं अर्धं गंजून गेलेलं, पितळ हिरवंगार, आणि मुठीच्या मागच्या टोकाला बोथट, चपटी जीभ. मोडका अडकित्ता म्हणून कोणीही फेकला असता. बागमालकाचे वडील खाटेवरूनच म्हणाले, "अरे, हा त डोये भराचा चाकू होय." म्हणजे कलम करायचा; त्या जिभेने खुंटाची साल उचलायची आणि आत डोळा बसवायचा. तेलातून काढल्यावर आडव्या उजेडात सोलिंगेन (चाकूंसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) आणि खाली जर्मनी वाचता आलं. वेस्ट नाही, स्टेनलेस नाही. म्हणजे साधारण १८९० नंतरचा, आणि बहुधा १९४९ च्या आधीचा. यापेक्षा नेमकं कोणी सांगितलं तर पुरावा मागा.

रामपुरी सापडला तर आधी पातं मोजा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर शस्त्र कायद्याचा प्रश्न येतो. घरी न नेता पोलीस ठाण्यात कळवा. चाकवासोबत नाणी किंवा दागिने निघाले तर खणणं तिथेच थांबवून मालकाला सांगा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे, आणि त्यात कळवायची मर्यादा दहा रुपयांच्या किमतीची लिहिलेली आहे, त्यापेक्षा जास्त किमतीचं सापडलं तर कळवावं लागतं.