वयस्कर माणसाला चक्कर येते तेव्हा: कारण घरच्या घरी कसे शोधावे

चक्कर हा म्हातारपणाचा भाग समजून सोडून देऊ नका. तिचे कारण बहुतेक वेळा सापडते. दवाखाना लांब असेल तर घरातून नेमकी माहिती घेऊन गेल्याने एखादी खेपही वाचते.

पण आधी धोका पाहा. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, एकाचे दोन दिसणे, अचानक असह्य डोकेदुखी, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, काळी शौच किंवा डोक्याला मार यांपैकी काहीही असेल तर पुढचे काही करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

नंतर विचारा, नेमके काय होते? घर गरगर फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? सगळ्यालाच आपण चक्कर म्हणतो, पण कारणे वेगळी असतात. कधी येते आणि किती वेळ टिकते, हे त्याहून महत्त्वाचे. कूस बदलताना किंवा वर बघताना मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर बहुधा कानातली असते: आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. यावर डोके ठरावीक क्रमाने वळवण्याचा उपचार आहे, पण पहिल्यांदा तो जाणकाराकडूनच करून घ्या.

उठताना अंधारी येत असेल तर रक्तदाब असा मोजा. 5 मिनिटे आडवे झोपवून पहिली नोंद घ्या. मग उभे करून 1 मिनिटाने आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने (किंवा जास्त) उतरला, तर उभे राहिल्यावर रक्तदाब पडतो आहे. एकाने शेजारी उभे राहावेच; भोवंडले तर मोजणे सोडून लगेच बसवा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त बसवून मोजणे. तो आकडा चांगला येतो आणि दोष निसटतो.

रक्तदाब पडण्यामागे अनेकदा गोळ्याच असतात: रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या. दोन डॉक्टरांची औषधे एकत्र चालू असली की हे हमखास नजरेतून सुटते. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका.

दुसरे कारण पाणी. वयानुसार तहान कमी लागते. त्यात उन्हातले शेतकाम, आणि शौचालय लांब असल्याने मुद्दाम कमी प्यालेले पाणी, विशेषतः बायकांचे. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे प्यायला द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

मधुमेही माणसाला घाम, थरथर, भूक यांसह चक्कर आली तर साखर तपासा. 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. फवारणीनंतर चक्करेसोबत लाळ, घाम, उलटी असेल तर विषबाधा समजून ताबडतोब रुग्णालयात हलवा.

रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसवा, घोटे वर-खाली हलवायला सांगा, मग आधार धरून उभे करा. दिवा हाताशी हवा.

दवाखान्यात जाताना चक्करेच्या वेळा आणि रक्तदाबाचे आकडे यांच्या आठवड्याच्या नोंदींची वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाला, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा. हिमोग्लोबिनची तपासणीही विचारा; पंडुरोगानेही (हिमोग्लोबिन कमी असण्यानेही) चक्कर येते.